जॉर्ज बस्क : नाव देण्याआधी नीट पाहणारा सर्जन

शिंपल्याच्या पाठीवर, समुद्रशैवालाच्या पात्यावर किंवा बरेच महिने पाण्यात उभ्या असलेल्या होडीच्या बुडाला पुष्कळदा एक पांढरट, खरखरीत पापुद्रा चिकटलेला दिसतो. नखाने खरवडला तर चुन्याच्या पोपड्यासारखा सुटतो. कुणी त्याला घाण समजते, कुणी शेवाळ. पण तोच पापुद्रा भिंगाखाली धरला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रांगेने मांडलेली घरे दिसू लागतात. एकेक घर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. प्रत्येक घराला दार आणि दाराआड एक जिवंत प्राणी. पाणी शांत असले की तो दार उघडून बारीक शुंडकांचा झुबका बाहेर काढतो, पाण्यातले सूक्ष्म जीव तोंडाकडे ओढतो आणि जराशी चाहूल लागताच आत जातो.

या प्राण्यांना ब्रायोझोआ, म्हणजे शब्दशः शेवाळप्राणी, म्हणतात. जगात त्यांच्या ६ हजारांहून अधिक जाती आज हयात आहेत आणि जीवाश्मरूपात सापडलेल्या जाती त्याच्या दुपटीहून अधिक आहेत. ही मोजदाद शक्य झाली ती काही माणसांनी आयुष्याची अनेक वर्षे सूक्ष्मदर्शकावर वाकून काढली म्हणून. त्या माणसांत सर्वांत वरच्या रांगेत नाव येते ते जॉर्ज बस्क यांचे. ते व्यवसायाने सर्जन होते. चार्ल्स डार्विन यांचे सल्लागार, थॉमस हक्सली यांचे जिवलग मित्र आणि इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष, अशीही त्यांची ओळख होती. आज डॉक्टरांच्या पुस्तकांत ते भेटतात ते एका कृमीच्या नावात, आणि प्राणिशास्त्रात ते भेटतात शेकडो समुद्री जातींच्या नावांपुढे.

तरंगते रुग्णालय

बस्क यांचा जन्म १८०७ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील तेथे व्यापार करणारे इंग्रज. शालेय शिक्षण इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये झाले, शल्यशास्त्राचे शिक्षण लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. १८३२ मध्ये ते सीमेन्स हॉस्पिटल सोसायटीच्या, म्हणजे खलाशांसाठीच्या रुग्णालयाच्या, सेवेत दाखल झाले. हे रुग्णालय इमारतीत नव्हते. ग्रीनिचजवळ टेम्स नदीत नांगरून ठेवलेल्या ‘ड्रेडनॉट’ नावाच्या जुन्या युद्धनौकेवर ते चालत असे. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत भाग घेतलेली ही ९८ तोफांची नौका आता जगभरच्या आजारी खलाशांना आसरा देत होती. बस्क यांनी २० वर्षांहून अधिक काळ याच बोटीवर रुग्ण तपासले.

डॉक्टरसाठी ही जागा म्हणजे साऱ्या जगाचे आजार एकत्र पाहण्याची संधी होती. लांबच्या सफरीवरून परतलेल्या खलाशांना स्कर्व्ही झालेला असे. हिरड्यांतून रक्त, सांध्यांत सूज, जुन्या जखमा पुन्हा उघडलेल्या. जीवनसत्त्व ‘क’चा शोध तेव्हा जवळजवळ १०० वर्षे दूर होता. लिंबाचा रस उपयोगी पडतो हे खलाशांनाही ठाऊक होते, पण शरीरात नेमके काय बिघडते ते कोणालाच माहीत नव्हते. बस्क यांनी स्कर्व्हीच्या रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून ते निरोगी माणसाच्या रक्तापेक्षा कसे वेगळे आहे हे पाहण्याचा प्रयत्न केला. कारणाबद्दल तर्क लढवण्याआधी समोरची वस्तू तपासायची, मोजायची आणि लिहून ठेवायची, ही त्यांची पद्धत तेव्हापासून दिसते.

एका लस्कराच्या पोटातले कृमी

१८४३ मध्ये या बोटीवर एक लस्कर, म्हणजे इंग्रजांच्या जहाजावर काम करणारा हिंदी खलाशी, मरण पावला. शवविच्छेदन करताना बस्क यांना त्याच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात चपटे, पानासारखे, मांसल कृमी आढळले. ते १४ होते. मेंढ्यांच्या यकृतात आढळणारा चपटा कृमी डॉक्टरांच्या परिचयाचा होता, पण हे त्याहून मोठे होते आणि त्यांची जागाही वेगळी होती. माणसाच्या शरीरात असा कृमी यापूर्वी कोणी नोंदवलेला नव्हता.

बस्क यांनी कृमी जपून ठेवले, त्यांची माहिती सहकाऱ्यांना दिली आणि जॉर्ज बड यांच्या यकृतविकारांवरील पुस्तकात ती छापली गेली. मात्र त्याला शास्त्रीय नाव त्यांनी स्वतः दिले नाही. १८५७ मध्ये एडविन लँकेस्टर यांनी ते दिले आणि त्यात बस्क यांचेच नाव गुंफले. हे दोघे सूक्ष्मदर्शनशास्त्राच्या एका त्रैमासिकाचे सहसंपादक होते. पुढे प्रजातीचे नाव बदलले आणि आज हा कृमी ‘फॅसिओलॉप्सिस बस्की’ म्हणून ओळखला जातो. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या पर्णकृमींमध्ये तो सर्वांत मोठा. पूर्ण वाढला की साडेसात सेंटिमीटरपर्यंत जातो.

तो पोटात कसा जातो हे कळायला १९२० चे दशक उजाडावे लागले. तैवानमध्ये नाकागावा आणि चीनमध्ये क्लॉड बार्लो यांनी त्याचा जीवनक्रम उलगडला. रुग्णाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून अंडी तळ्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते. तेथे वाढून बाहेर पडली की पाणवनस्पतींवर कवच करून बसते. शिंगाडा त्यांतलाच. कच्चा शिंगाडा दाताने सोलला की सालीवरच्या कवचातली अळी तोंडावाटे आतड्यात पोहोचते. कृमी थोडे असतील तर त्रास जाणवतही नाही. संख्या वाढली तर पोटदुखी, जुलाब, अंगावर सूज, आणि लहान मुलांत वाढ खुंटणे. भारतात उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या भागांत त्याचे रुग्ण आढळतात. पालघर तालुक्यातही हा कृमी आढळल्याची नोंद १९७० च्या दशकात झाली आहे. प्राझिक्वान्टेल या गोळीने तो बरा होतो. शिंगाडे उकडून खाल्ले, निदान दाताने सोलले नाहीत, तर बाधा टळते.

ज्याच्या शरीरातून वैद्यकशास्त्राला हे ज्ञान मिळाले तो खलाशी मात्र वैद्यकीय वाङ्मयात केवळ ‘एक लस्कर’ म्हणून उरला. कृमीला प्रजाती मिळाली, जात मिळाली, शोधणाऱ्याचे नाव मिळाले. बोटीवर मेलेल्या परमुलखातल्या गरीब माणसाची एवढीच नोंद करण्याची त्या काळाची रीत होती.

पटकीचा ‘जंतू’ आणि गव्हाचा कोंडा

१८४९ मध्ये इंग्लंडमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ आली. ब्रिस्टल शहरातील काही डॉक्टरांनी रुग्णांच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली गोल कड्यांसारखे कण पाहिले आणि पटकीचे कारण सापडल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांतून ही बातमी वेगाने पसरली. लोक भेदरलेले होते आणि त्यांना शत्रूचा चेहरा हवाच होता.

बस्क यांनीही ते कण पाहिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. रोजच्या पावात काय काय असते हेही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेव्हा दिसले की ‘पटकीचे जंतू’ म्हणून दाखवलेल्या कणांतले बरेचसे गव्हाच्या कोंड्याचे तुकडे होते, तर काही गव्हावर पडणाऱ्या काणीच्या बुरशीचे बीजाणू. रुग्णाने पाव खाल्ला होता आणि त्यातले न पचलेले अवशेष विष्ठेत उतरले होते.

यात एक गुंता आहे. पटकी पाण्यातून पसरते आणि तिचे कारण एखादा सजीव आहे, हा ब्रिस्टलच्या विल्यम बड यांचा विचार पुढे बरोबर ठरला. चुकले होते ते बोट दाखवण्यात. खरा जंतू १८५४ मध्ये इटलीत फिलिपो पाचिनी यांनी पाहिला आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी तो निर्विवाद पुढे आणला. पण कोंड्याच्या कणावर साऱ्या देशाचे लक्ष खिळून राहिले असते तर खऱ्या कारणाचा शोध आणखी लांबला असता. एखादी वस्तू नवी आहे असे म्हणण्याआधी तिच्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या वस्तू पाहून घेणे, हा नियम बस्क यांनी रुग्णांच्या बाबतीत पाळला आणि समुद्री प्राण्यांच्या बाबतीतही.

वनस्पती की प्राणी?

बस्क सूक्ष्मदर्शकाकडे वळले ते बोटीवरील फावल्या वेळात. १८३९ मध्ये लंडनमध्ये सूक्ष्मदर्शन मंडळ स्थापन झाले. ते त्याच्या पहिल्या सभासदांपैकी एक होते आणि पुढे अध्यक्षही झाले. समुद्रातल्या या शेवाळप्राण्यांचे कोडे तेव्हा नुकतेच सुटू लागले होते. त्यांच्या फांदीदार वसाहती इतक्या वनस्पतींसारख्या दिसत की पूर्वी त्या वनस्पतींच्याच संग्रहात कागदावर दाबून ठेवत. १७५५ मध्ये जॉन एलिस यांनी ते प्राणी असल्याचे दाखवले. तरीही त्यांची गणना प्रवाळांच्या जातकुळीत होत राहिली. १८३० मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे राहणारे लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी यांची अंतर्रचना प्रवाळांपेक्षा वेगळी असल्याचे ओळखले. प्रवाळाच्या पोटाला एकच तोंड असते. या प्राण्यांत मात्र आतडे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वळलेले, तोंड वेगळे आणि गुदद्वार वेगळे. थॉम्पसन यांनी त्यांना पॉलिझोआ म्हटले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील एरेनबर्ग यांनी ब्रायोझोआ हे नाव वापरले. बस्क यांनी आयुष्यभर पॉलिझोआ हेच नाव चालवले, पण जगाने शेवटी दुसरे स्वीकारले.

आता प्रश्न होता तो जाती ओळखण्याचा. जहाजांवरून पेट्या भरभरून नमुने लंडनला येत होते. बहुतेक नमुने वाळलेले. आतला मऊ प्राणी सुकून गेलेला आणि हाती फक्त चुन्याची रिकामी घरे. आधीच्या अभ्यासकांनी वसाहतीच्या आकारावरून जाती ठरवल्या होत्या. पण एकच जात खडकावर पापुद्र्यासारखी आणि शैवालाच्या दांड्यावर नळीसारखी वाढू शकते. उलट दोन अगदी वेगळ्या जाती लांबून सारख्याच झुडपासारख्या दिसू शकतात.

बस्क यांनी लक्ष वसाहतीवरून एकेका घराकडे वळवले. घराचे दार कसे आहे? त्याला झाकण आहे का? १८५२ मध्ये त्यांनी दाराच्या रचनेवरून समुद्री जातींचे तीन मोठे गट केले. चिलोस्टोमाटा, म्हणजे ओठासारखे उघडझाप करणारे झाकण असलेले. सायक्लोस्टोमाटा, म्हणजे नळीसारखे घर आणि गोल, उघडे तोंड असलेले. आणि टिनोस्टोमाटा, म्हणजे चुना नसलेले, मऊ अंगाचे आणि दाराशी फणीसारखी झालर असलेले. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी ही तिन्ही नावे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत.

या तिसऱ्या गटातला एक मऊ प्राणी त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे. उत्तर समुद्रात जाळी ओढणाऱ्या कोळ्यांच्या हातांवर खाज सुटणारा, चिघळणारा चट्टा उठतो. जाळ्यात येणाऱ्या अल्सिओनिडियम या शेवाळप्राण्यातील एका रसायनाची ती अ‍ॅलर्जी असते. काहींना त्यापायी मासेमारी सोडावी लागली आहे.

नवी जात लिहिणे म्हणजे काय

नवी जात सापडली, असे म्हणणे सोपे. ती लिहिणे कठीण. बस्क यांचे काम पुढीलप्रमाणे चाले. नमुना स्वच्छ करायचा. त्याचा तुकडा काचपट्टीवर बसवायचा. एकेका घराची लांबी, रुंदी, दाराचा आकार, दाराभोवतीचे काटे, पुढच्या भिंतीवरची छिद्रे, अंडी सांभाळणाऱ्या कोठीचे स्थान, हे सारे टिपायचे. चित्र काढायचे. मग आधी छापलेल्या सर्व वर्णनांशी ताडून पाहायचे. कुठेच जुळले नाही तर लॅटिन नाव, दोन-चार ओळींत नेमकी लक्षणे, नमुना कुठून आला, किती खोल पाण्यातून आला आणि कोणी आणला, एवढे लिहायचे.

या लक्षणांमध्ये एक विलक्षण गोष्ट होती. वसाहतीतील काही घरे खात नाहीत, पीत नाहीत. त्यांचे काम वेगळे. काहींचे रूपांतर पक्ष्याच्या डोक्यासारख्या अवयवात झालेले असते. चोच उघडते, मिटते आणि अंगावर चढणाऱ्या बारीक प्राण्यांना पकडते. काहींचे रूपांतर लांब चाबकासारख्या केसात झालेले असते आणि तो केस वसाहतीवरून झाडूसारखा फिरतो. ही ‘चोच’ आणि हा ‘चाबूक’ कुठे आहे, किती मोठा आहे, यावरूनही जात ठरते. हे अवयव म्हणजे बदललेली घरेच होत, हे बस्क यांच्यासारख्यांच्या काटेकोर नोंदींमुळे स्पष्ट होत गेले.

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातील समुद्री पॉलिझोआंची बस्क यांनी केलेली सूची १८५२ आणि १८५४ मध्ये दोन भागांत निघाली. तिसरा भाग यायला १८७५ साल उजाडले. ‘रॅटलस्नेक’ जहाजाने ऑस्ट्रेलियाकडून आणलेले नमुनेही त्यांनी वर्णिले. याच जहाजावर तरुण हक्सली साहाय्यक सर्जन होते. १८५५ मध्ये बस्क यांनी बोटीवरची नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य मुख्यतः शास्त्राला दिले. १८५९ मध्ये त्यांनी पूर्व इंग्लंडच्या ‘क्रॅग’ खडकांतील जीवाश्म शेवाळप्राण्यांवर ग्रंथ लिहिला. घराच्या कठीण भागावर भर देण्याचा फायदा येथे दिसला. लाखो वर्षांपूर्वी मेलेली वसाहत आणि कालपरवा जाळ्यात आलेली वसाहत एकाच मोजपट्टीने तोलता येऊ लागली.

डार्विन यांच्या पेटीतले नमुने

बस्क यांच्या सूचीत डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून जमवलेले नमुनेही आहेत. या प्राण्यांशी डार्विन यांचे नाते जुने होते. १८२७ मध्ये, एडिंबरा येथे वैद्यकाचे विद्यार्थी असताना, त्यांनी विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे आपला पहिला शास्त्रीय शोध मांडला. फ्लुस्ट्रा या शेवाळप्राण्याची तथाकथित अंडी बारीक केसांच्या साहाय्याने पोहतात, हाच तो शोध. बीगलवरही त्यांनी त्या चोची आणि चाबूक तासन् तास पाहिले होते. एका वसाहतीला डिवचले की साऱ्या केसांनी एकदम हालचाल केल्याचे त्यांनी नोंदवले. पण जाती ठरवण्याचे काम त्यांनी जाणकाराकडे सोपवले. मॅजेलनिका, पॅटॅगोनिका, माल्विनेन्सिस अशी त्या दूरच्या किनाऱ्यांची नावे बस्क यांनी १८५२ च्या सुमारास वर्णिलेल्या जातींना लागलेली दिसतात.

पुढे उत्क्रांतीच्या वादात या क्षुल्लक वाटणाऱ्या प्राण्यांची साक्ष निघाली. टीकाकार विचारत होते, की चोचीसारखा गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने कसा तयार होईल? अर्धवट चोच काय कामाची? ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८७२ च्या आवृत्तीत डार्विन यांनी उत्तर देताना शेवाळप्राण्यांचा दाखला दिला. वेगवेगळ्या जातींत साध्या घरापासून चोचीपर्यंत आणि चाबकापर्यंत मधल्या पायऱ्या दिसतात, हे त्यांना बस्क आणि इतर अभ्यासकांच्या वर्णनांतून दाखवता आले.

दोघांचे संबंध कागदापुरते नव्हते. १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध लिनियन सोसायटीत वाचले गेले तेव्हा बस्क त्या सोसायटीच्या प्राणिशास्त्र विभागाचे चिटणीस होते. १८६३ मध्ये पोटाच्या सततच्या विकाराने हैराण झालेल्या डार्विन यांनी बस्क यांचा वैद्यकीय सल्ला घेतला, आणि बस्क यांनी त्यांना पोटाच्या विकारांचे जाणकार विल्यम ब्रिंटन यांच्याकडे पाठवले. १८६४ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या कॉपली पदकासाठी डार्विन यांचे नाव सुचवणारेही बस्कच होते. पदक त्या वर्षी मिळाले.

कवटी, क्लब आणि कायदा

समुद्री प्राण्यांवर कमावलेली नजर बस्क यांनी हाडांवरही वापरली. जर्मनीत सापडलेल्या निअँडरथल मानवाच्या अवशेषांवरचा शाफहाउझेन यांचा लेख त्यांनी १८६१ मध्ये इंग्रजीत आणला. तीनच वर्षांनी त्यांच्या हाती जिब्राल्टरची एक कवटी आली. ती १८४८ मध्ये खाणीत सापडली होती आणि तेव्हापासून तशीच पडून होती. बस्क आणि ह्यू फाल्कनर यांनी १८६४ मध्ये ती विद्वानांसमोर मांडली. ती निअँडरथल मानवाची होती. जर्मनीतला सांगाडा म्हणजे एखाद्या विकृत माणसाचा, असे म्हणणाऱ्यांची बाजू त्यामुळे लंगडी पडली. कारण तीच वैशिष्ट्ये आता खूप दूरच्या दुसऱ्या कवटीत दिसत होती.

त्याच वर्षी हक्सली, हूकर, टिंडल, स्पेन्सर आदी नऊ जणांनी ‘एक्स क्लब’ नावाचे भोजनमंडळ सुरू केले. इंग्लंडमधील विज्ञानाची धोरणे पुढे बरीच वर्षे या मंडळाच्या जेवणाच्या टेबलावर आकार घेत राहिली. बस्क त्यात वयाने सर्वांत मोठे आणि बोलण्यात सर्वांत कमी. १८७१ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे रॉयल मेडलही मिळाले. १८७६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना आवर घालणारा कायदा आला तेव्हा त्याचे पहिले निरीक्षक म्हणून सरकारने त्यांचीच निवड केली. प्रयोग करणारे आणि त्यांना विरोध करणारे, दोघांचाही ज्यांवर विश्वास बसेल अशी माणसे थोडी होती.

खोल समुद्राचा शेवटचा हप्ता

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाचे महासागर धुंडाळले आणि खोल तळातून नमुने आणले. त्यांतले शेवाळप्राणी बस्क यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीकडे झुकले होते. अहवालाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि दुसरा १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या भागातील एका जातीला त्यांनी ‘कॅबेरिया डार्विनाय’ असे नाव दिले. कॅबेरिया प्रजातीची खूण म्हणजे पाठीवरचे ते लांब, चाबकासारखे केस. डार्विन दोन वर्षांपूर्वी वारले होते. १० ऑगस्ट १८८६ रोजी लंडनमध्ये बस्क यांचेही निधन झाले. ७९ वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते.

बस्क यांच्या सर्वच जाती टिकल्या असे नाही. त्यांच्या काळी एखाद्या जातीचा अमुक एक नमुना प्रमाण मानून बाजूला ठेवण्याची सक्ती नव्हती. आज ती आहे. नवी जात प्रसिद्ध करणाऱ्याला प्रमाण नमुना नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला ते सांगावे लागते, म्हणजे कोणालाही तो पुन्हा तपासता येतो. विजाणू सूक्ष्मदर्शक आल्यावर कळले की बस्क यांनी एक समजून लिहिलेल्या काही जाती प्रत्यक्षात दोन किंवा तीन आहेत. ही दुरुस्ती करता आली ती त्यांनी काचपट्ट्या नीट खुणा करून मागे ठेवल्या म्हणूनच. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्या आजही आहेत.

अशी दुरुस्ती औषधशास्त्रात किती महत्त्वाची ठरते, याचे उदाहरण ‘बुगुला नेरिटिना’ ही जात. जगभरच्या बंदरांत वाढणारी ही तांबूस-तपकिरी झुडपासारखी जात बस्क यांच्या सूचीतही आहे. १९६८ मध्ये तिच्या अर्कात कर्करोगविरोधी गुण दिसले आणि १९८२ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज पेटिट यांच्या गटाने त्यातील ब्रायोस्टॅटिन-१ या रसायनाची रचना उलगडली. चाचण्यांसाठी सुमारे १३ टन बुगुला गोळा करून हाती आले ते १८ ग्रॅम रसायन. पुढे कळले की हे रसायन बुगुलात राहणारा एक जिवाणू तयार करतो. आणि १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसले की एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार दडले आहेत. औषधासाठी हवे ते ब्रायोस्टॅटिन खोल पाण्यातल्या प्रकारात होते, उथळ पाण्यातल्यात नव्हते. चुकीचा प्रकार टनावारी गोळा केला असता तर हाती काहीच लागले नसते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल वेंडर यांच्या गटाने हे रसायन प्रयोगशाळेत पुरेशा प्रमाणात तयार करण्याची रीत शोधली. कर्करोग आणि अल्झायमर या दोन्हींसाठी त्याच्या चाचण्या झाल्या आहेत, मात्र औषध म्हणून मान्यता अद्याप नाही.

आजही एखाद्या संशोधकाला समुद्राच्या तळातून आलेल्या दगडावर अनोळखी पापुद्रा दिसला, तर काम तेथूनच सुरू होते. तो तुकडा स्वच्छ करायचा, एकेका घराचे दार मोजायचे, काटे आणि छिद्रे मोजायची आणि जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे. त्या वर्णनांत ‘बस्क, १८५२’ किंवा ‘बस्क, १८८४’ असे लिहिलेले आले की लंडनच्या संग्रहालयातली ती काचपट्टी पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.